जिजाईचा हिशेब

सज्जनहो, उसाच्या मोळीचा प्रसंग आपण शेकडो वेळा ऐकला असेल. तुकोबाराय उसाची मोळी घेऊन घरी निघाले, वाटेत पोरांनी गराडा घातला, महाराज एकेकाच्या हातात ऊस देत आले आणि घरी पोचला तेव्हा एकच ऊस उरला होता. जिजाईंनी तोच ऊस महाराजांच्या पाठीत घातला. उसाचे तुकडे झाले आणि महाराज हसले.

हा प्रसंग मी चाळीस वर्षे सांगितला. उपरण्याचे टोक डोक्यावर घ्यायचे, कमरेवर हात ठेवायचा, आवाज बारीक करायचा आणि जिजाईंच्या तोंडून चार फणकारे टाकायचे. मृदंगवाल्याशी खूण ठरलेली असे. 'पाठीत घातला' हे शब्द आले की त्याने थाप मारायची, की मंडप हसून आडवा. पुरुष हसत, बायकाही हसत. खरे सांगायचे तर कीर्तन पडते आहे, मंडळी जांभया देत आहेत, असे दिसले की मी जिजाईंना बोलावून घेत असे. त्यांनी मला कधी दगा दिला नाही.

आता गळा साथ देत नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी कीर्तन थांबवले. वय पंचाहत्तर. हरिपाठ, काकडा घरीच होतो. हे जे लिहितो आहे ते निरूपण नाही. माझ्याच घरातली गोष्ट आहे आणि त्यात माझी काही फार शोभा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी धाकटी लेक सहा वर्षांपूर्वी दीड वर्षाची मुलगी कडेवर घेऊन माहेरी आली. पुढे कोर्टातून मोकळी झाली. पोटगीचा हुकूम झाला, तो कागदावर आहे. पहिले चार महिने पैसे आले, मग येईनासे झाले, आणि दर वेळी वकिलाकडे जाण्याचा खर्च पोटगीपेक्षा जड व्हायला लागला. तेव्हा ती म्हणाली, "आबा, मी काम बघते." तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत तिला लिखापढीचे काम मिळाले. पगार ९,२०० रुपये. तिथेच एक खोली घेतली, भाडे २,५००. मी म्हणालो, गावी घर आहे, तीन एकर रान आहे, इथेच रहा. ती म्हणाली, "रान दादाच्या संसाराला पुरत नाही, त्यात आम्ही दोघी कुठं?" ते खरे होते, म्हणून मी गप्प बसलो.

पोर सहा वर्षांची झाली आणि लेकीने तिला खाजगी इंग्रजी शाळेत घातले. वर्षाची फी ३४,०००. मला राग आला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, माझी मुले तिथेच शिकली. मी फोनवर म्हणालो, "ही शोभा कुणासाठी? नगरपालिकेची शाळा दोन गल्ल्या टाकून आहे, फुकट आहे." तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "आबा, ती शाळा वाईट नाही. पण ती सुटल्यावर मी घरी येईपर्यंत पोरीनं कुठं बसायचं? ही शाळा साडेपाचपर्यंत मुलं ठेवून घेते. व्हॅनवाला तिला पतसंस्थेच्या दारात सोडतो. मी टेबलाशेजारी बसवते आणि सव्वासहाला आम्ही दोघी घरी जातो. घरात दुसरं माणूस असतं तर मी फुकट शाळेत घातली असती."

पहा, मला वाटले होते ती इंग्रजीला भुलली. ती विकत घेत होती दुपारचे तीन-चार तास. नवरा-बायको दोघे असतात, सासू असते, तेव्हा हे तास कुणाच्या हिशेबात येत नाहीत. एकटीच्या हिशेबात पहिले येतात.

मग मी सप्ताहाच्या जुन्या पत्रिकेच्या पाठीवर आकडे मांडले. फी ३४,०००. व्हॅन महिना ९००, दहा महिन्यांचे ९,०००. पुस्तके, दोन गणवेश, बूट मिळून ६,५००. एकूण ४९,५००. म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारांच्या आत-बाहेर. पगारातून भाडे आणि शाळा वजा केली की उरतात अडीच हजार, त्यात दोघींचे जेवण, गॅस, वीज, दवाखाना. मी तीन वेळा बेरीज केली. भगवंताच्या नावाने आकडा बदलत नाही, हे मला पंचाहत्तरीला कळले.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी लेक, सून, भाची असेल, म्हणून आम्ही काय काय हिंडलो ते जरा विस्ताराने सांगतो.

२००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला. त्यात विनाअनुदानित खाजगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आहेत, आणि त्या मुलाला आठवीपर्यंत फी नाही. अल्पसंख्याकांच्या शाळा यातून वगळलेल्या आहेत. आपल्या राज्यात मागासवर्गीय आणि दिव्यांग मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना वर्षाचे उत्पन्न एक लाखाच्या आत असावे लागते. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग सोडत निघते. आम्ही खुल्या वर्गातले. लेकीचा पगार वर्षाला १,१०,४०० होतो. दहा हजार चारशे रुपयांनी ती श्रीमंत ठरली.

आता माझी पहिली लाज सांगतो. दाखल्याची कागदपत्रे करून देणाऱ्या एका दुकानात आम्ही बसलो होतो. तिथला मुलगा हळूच म्हणाला, "आकडा थोडा खाली घेता येईल, महाराज." आणि मी, माळ घातलेला माणूस, लेकीला म्हणालो, "घे खाली. पोरीच्या शाळेचा प्रश्न आहे. देवाला कळतं." ती माझ्याकडे बघतच राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आबा, त्या यादीत एखादी बाई असंल, तिला खरंच सात हजार पगार असंल. माझ्या पोरीचा नंबर लागला तर तिच्या पोरीचा जाईल. आणि देवाला हेही कळतं की नाही?"

मी काही बोललो नाही. कीर्तनात सत्यावर दीड तास बोलणे मला कधी जड गेले नव्हते.

दुसरा रस्ता मिळाला तो तिच्याच पतसंस्थेतल्या एका बाईंकडून. राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. ज्या मुलाला एकच पालक आहे, मग दुसरा वारलेला असो की सोडून गेलेला, त्याला अठरा वर्षांपर्यंत तीतून मदत मिळू शकते. पूर्वी महिना १,१०० होते, २०२३ पासून २,२५० झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी महिला व बालविकासाचे कार्यालय असते, तिथे अर्ज करायचा. घरी चौकशीला माणूस येतो. मग मायलेकी बालकल्याण समितीपुढे उभ्या राहिल्या. हेलपाटे सहा झाले. पैसे लगेच येत नाहीत आणि दर महिन्याला नेमाने येतात असेही नाही, पण वर्षाचे २७,००० म्हणजे अर्ध्याहून अधिक शाळा. वाचकहो, ही गोष्ट आमच्या अख्ख्या दिंडीत कुणाला ठाऊक नव्हती. आमच्या दिंडीत एकट्या पोरे वाढवणाऱ्या बाया किती आहेत, हे मी पहिल्यांदा मोजले तेव्हा नऊ निघाल्या. आषाढीला वर्षानुवर्षे त्यांच्या हातची भाकरी खाल्ली, पण कधी मोजल्या नव्हत्या.

तर पहिल्या वर्षी ते पैसे यायचे होते आणि फीचा दुसरा हप्ता आधी आला. कार्तिकी होऊन गेली होती. एका संध्याकाळी नातीला फोन दिला तर ती म्हणाली, "आबा, बाकी म्हणजे काय?" मी म्हटले, "कुठे ऐकलंस?" तर वर्गात बाईंनी नावे वाचली होती, ज्यांची बाकी आहे त्यांनी उभे राहायचे. पाच मुले उभी राहिली, त्यात ही. तिला वाटले बक्षीस आहे. ती हसत उभी राहिली होती.

त्या रात्री मला झोप नाही. शाळेचे नाव मी घेत नाही, कारण पुढे लेकीने जाऊन मुख्याध्यापकांना भेटून सांगितले आणि त्यांनी ते थांबवले. मुलाला मानसिक त्रास देण्याला त्याच २००९ च्या कायद्यात बंदी आहे, हे तिने शांतपणे सांगितले. फीसाठी चार हप्ते मागितले, तेही पुढच्या वर्षापासून मिळाले. फी किती असावी हे ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे प्रस्ताव मांडावा लागतो, असा आपल्या राज्याचा २०११ चा कायदा आहे. आता ती त्या सभांना जाते. पतसंस्थेतून एक तास आधी सुटी मागून जाते. इतर पालक फारसे येत नाहीत म्हणे.

पण हे सगळे नंतरचे. त्या आठवड्यात मात्र १७,००० रुपये हवे होते आणि माझ्याकडे चार होते.

मी वारकरी शिक्षण संस्थेचा विद्यार्थी. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला ती संस्था काढली. मी १९६९ साली गेलो, चार वर्षे राहिलो. फी नाही. झोळी घेऊन मधुकरी मागायची आणि गाथा, ज्ञानेश्वरी शिकायची. तुकोबारायांनी कीर्तन विकणारा आणि विकत घेणारा या दोघांनाही काय म्हटले आहे, ते तिथे शिकलो. ते मनाला असे लागले की उभ्या आयुष्यात मी तोंडाने आकडा काढला नाही. नारळ, उपरणे, एसटीचे भाडे आणि कुणी न मागता पाकीट दिले तर ते. पाकीट घरी येऊन मोजत असे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण आकडा काढला नाही.

मागे वळून बघतो तेव्हा वाटते, फी नव्हती असे नव्हे. माझी फी आळंदीच्या बायांनी भरली. दारात उभे राहून हाक दिली की अर्धी भाकरी, वाटीभर आमटी झोळीत पडायची. त्यांतल्या कित्येक घरांत पुरुष नव्हता. मला आजही एक दार आठवते. त्या माऊलीच्या घरी दोन लहान मुले होती आणि कधीकधी ती चतकोरच घालायची. मला वाटायचे, चिक्कू आहे.

असो. पौष महिन्यात एका गावाच्या सप्ताहाचा फोन आला. "महाराज, सहाव्या दिवसाची सेवा तुमचीच पाहिजे. गळा कसाही असू द्या, जुनी माणसं तुमची वाट बघतात." मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात पलीकडचा म्हणाला, "मानधनाचं कसं करायचं?" आणि माझ्या तोंडून निघाले, "सतरा हजार."

"बरं महाराज," असे उत्तर आले. इतक्या चटकन आले की आपण कमी सांगितले की काय, असा विचार माझ्या मनात आला. सतरा हजारांची भीती वाटली नाही, त्या विचाराची वाटली.

सेवेला उभा राहिलो. टाळकरी चांगले होते, मृदंगमणी जुना ओळखीचा. गळा पहिल्या चालीतच बसला. अर्ध्या तासाने मंडळी चुळबुळ करू लागली. मी सवयीने उपरण्याचे टोक डोक्यावर घेतले आणि उसाची मोळी काढली. म्हातारे पुढे सरकून बसले, त्यांना ठाऊक होते काय येणार. मृदंगमणीने माझ्याकडे बघून हात वर धरला.

आणि माझ्या तोंडात जिजाईंचा तो बारीक आवाज येईना. मी उपरणे खाली घेतले आणि विचारले, "मंडळी, त्या घरात लेकरं किती होती, सांगा." कुणी बोलले नाही. मग मीच नावे घेतली. काशी, भागीरथी, गंगा. महादेव, विठोबा. आणि धाकटे नारायण. मी म्हणालो, मोळी घेऊन बाप निघाला हे त्या घरात कळले असणार. लेकरे दारात उभी राहिली असणार. गावातल्या पोरांना ऊस मिळाला, ते चांगलेच झाले, महाराजांना सगळी पोरे सारखीच. पण दारातल्या पोरांना उत्तर कुणी द्यायचे होते? महाराज डोंगरावर जाणार होते. चुलीपुढे त्या एकट्या होत्या. एक ऊस आणि एवढी तोंडे, हा भागाकार त्यांनी करायचा होता. तिने 'पाठीत घातला', म्हणून आपण हसतो.

हे शब्द आले आणि मृदंगमणीने खुणेप्रमाणे थाप मारली. एकच थाप, सबंध मंडपात घुमली. कुणी हसले नाही. तो बिचारा ओशाळला.

पुढे मी नारायण महाराजांचे चरित्र सांगितले. तुकोबाराय वैकुंठाला गेले तेव्हा ते आईच्या पोटात होते. बाप पाहिला नाही. त्या आईने वाढवले. आणि त्याच नारायण महाराजांनी १६८५ साली पादुका पालखीत घालून देहूहून पंढरीची वाट धरली. आज आपण लाखोंनी ज्या पालखीमागे चालतो, ती एकट्या बाईच्या पोराने काढलेली पालखी आहे. जिजाईंनी त्या पोराला काय खाऊ घातले, कुणाकडे मागितले, कुणाची बोलणी खाल्ली, हे मी चाळीस वर्षांत एकदाही सांगितले नव्हते, मनात आणलेही नव्हते. त्यांच्या रागाला मी अज्ञान म्हणत आलो. तो हिशेब होता.

कीर्तन रंगले असे म्हणता येणार नाही. शेवटी पाया पडायला रांग लागली, त्यात एक म्हातारी होती. ती म्हणाली, "आज त्या बाईला बरं बोललात." आणि पुढे गेली.

व्यासपीठामागे पाकीट मिळाले. मोजले. सतरा. आधी आकडा ठरवून घेतलेले आयुष्यातले पहिले पैसे. तुकोबारायांच्या घरची व्यथा सांगून घेतलेले, हे आणखी.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन लेकीच्या हातात दिले. तिने विचारले, "पाकीट मिळालं की ठरवलं होतं?" मी म्हणालो, "ठरवलं होतं." ती बराच वेळ काही बोलली नाही. घ्यायला नको म्हणावे तर उद्या फी भरायची होती, आणि घ्यावे तर बाप आयुष्यभर काय बोलत आला हे तिला तोंडपाठ. शेवटी तिने फडताळातून वही काढली. दूध, किराणा, व्हॅन असे लिहिलेली. त्यात एका पानावर लिहिले, 'आबांचे उसने, १७,०००.' म्हणाली, "दर महिन्याला हजार देईन. वद्य एकादशीला." मी म्हटले, बापाला कुणी परत करतं का? ती म्हणाली, "तुम्हाला नाही आबा, त्या आकड्याला."

मी चूक केली की बरोबर, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. गुरुवर्य हयात असते तर पायाशी जाऊन बसलो असतो. ज्यांना ठरवून घेण्याची सवय आहे त्यांना या गोष्टीचे हसू येईल, आणि ज्यांनी कधी घेतले नाही त्यांना माझा राग येईल. दोघांनाही माझा नमस्कार.

एक मात्र केले. आमच्या गावच्या सप्ताहाच्या बैठकीत मी म्हणालो, काल्याच्या दिवशी दोन गोड पदार्थ करता, एकच करा. उरतील ते पैसे गावातल्या दोन एकट्या आयांच्या पोरांच्या शाळेत परस्पर भरा. शाळा कुठली आहे, मराठी की इंग्रजी, हे विचारू नका. माइकवरून नाव घेऊ नका. पदार्थ कमी करायला मंडळी लगेच तयार झाली. नाव न घेण्याला मात्र दोन बैठका लागल्या. एकजण म्हणाले, "निदान फ्लेक्सवर फोटो तरी?" मी त्यांना नातीची गोष्ट सांगितली, वर्गात ती कशी उभी राहिली होती ती. मग त्यांनी विषय सोडला. यंदा दोन मुलांचे भरले. कोणाचे, ते खजिनदार, मी आणि त्या दोन आया एवढ्यांनाच ठाऊक.

लेक दर वद्य एकादशीला हजाराची भर घालते. उपवासाचा डबा घेऊन दोघी एसटीने येतात. मी ते पैसे ज्या गावी सेवा केली त्या कमिटीला परत द्यायला गेलो होतो. खजिनदार म्हणाले, "महाराज, त्या वर्षाचा हिशेब वाचून झाला, आता कुठल्या खात्यात घेऊ?" म्हणून माऊलींच्या तसबिरीखाली पत्र्याच्या डबीत ठेवले आहेत. ते माझे नाहीत हे नक्की. कुणाचे आहेत ते कळले की तिकडे जातील.

परवाच्या एकादशीला नातीने डबी खाली घेतली. पाचशेच्या नोटा जमिनीवर ओळीने मांडल्या आणि इंग्रजीत मोजल्या. अठरा झाल्या. तिच्या आईने तिला हिशेब शिकवला आहे, त्यामुळे दोन-दोनच्या जोड्या लावून ती म्हणाली, नऊ. मग माझ्याकडे बघून विचारले,

"आबा, आता बाकी किती?"

मी म्हणालो, "आठ."